नऊ हजार चारशे वेढे

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही गिटारीच्या कामासाठी काढली. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक मोटरीचं मी एक पान ठेवतो: किती वेढे होते, तार किती जाड, कुठे जळाली. या कामाला एक पान पुरणार नाही असं वाटलं. बायको म्हणाली, "सहा वर्षांनी सख्खा भाऊ दारात आला आणि तुम्ही वही काढलीत!" चहाही पाजला होता, पण ते तिला सांगितलं नाही.

झालं असं. सकाळी एका पंपाची मोटर उघडून जळकी तार ओढून काढत होतो. उजेड अडला म्हणून वर पाहिलं तर धाकटा. खांद्याला लांबडी काळी पिशवी. कपाळ मोठं झालंय, अंगाने उतरलाय.  तोच म्हणाला, "दादा, कामात आहेस?"

"कामात नसायला काय झालं? ये."

सहा वर्षांत आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. वडील गेले त्या आठवड्यात जे झालं ते झालं, ते इथे लिहायचं कारण नाही.

पिशवीची चेन त्याला उघडेना. "अडकते कधीकधी," म्हणाला. मी ओढली तर लोण्यासारखी उघडली. आत इलेक्ट्रिक गिटार, कुणीतरी बरीच वर्षं वापरलेली, कडांचा रंग उडालेला. चार महिन्यांपूर्वी घेतली म्हणे. आधीची चांगली होती ती विकली.

"का?"

"जड होती. हिची मान बारीक आहे, हातात बरी बसते. पण हिचा आवाज पडतो, दादा. बँडमधे माझे सूर ऐकूच येत नाहीत म्हणतात. तारांखाली हे दोन पिकअप असतात ना, त्यांच्या पोटात तुझ्यासारखीच कॉइल असते. बघतोस?"

पिकअप म्हणजे मजेशीर वस्तू निघाली. सहा बारके चुंबक, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली कॉइलमधे करंट उठतो, तो तिकडे अ‍ॅम्पमधून मोठा होऊन बाहेर पडतो. मोटरच्या उलटं. आम्ही करंट देऊन फिरवतो, इथे हलवून करंट घेतात. मीटर लावला. दोन्ही कॉइल शाबूत, पण मुळातच अशक्त. वेढे कमी घातलेत.

"बदलायला लागतील," मी म्हणालो.

"तूच निवड," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय!"

एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. काचेच्या कपाटात पिकअपच्या डब्या औषधांसारख्या रचलेल्या. मी सरळ म्हणालो, सगळ्यात ताकदवान असेल तो द्या.

"वाजवणार कोण?"

"भाऊ."

"हात कसा आहे त्याचा?"

"म्हणजे?"

"जड की हलका? तारेवर तुटून पडतो की गोंजारत वाजवतो? अहो, पिकअप म्हणजे कान. कुणाचं ऐकायचंय ते ठाऊक नसेल तर कान कुठला द्यायचा?"

मला सांगता आलं नाही. एक्कावन्न वर्षांचा झालो, भावाला समोर बसून कधी ऐकलेलं नाही. घरी वाजवायचा तेव्हा "बंद कर ती टणटण" एवढंच म्हणायचो. बाईंनी डबी परत कपाटात ठेवली. "आधी ऐकून या."

गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी त्यांच्या तालमीला गेलो, बायकोलाही नेलं. टायरच्या गोदामामागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ड्रमवाला, कीबोर्डवाला, गाणारी एक मुलगी आणि आमचा धाकटा. समारंभांतून वाजवतात.

काय लिहू? तो वाजवतो तेव्हा वेगळाच दिसतो. घरात कधी नीट ताठ न बसणारा माणूस, तिथे पाठीचा कणा कसा सरळ. संथ गाण्यात त्याने एक सूर असा ओढला की माझ्या दंडावर काटा आला. पण आवाज खरंच पडतो. एक सूर खणखणीत, पुढचे दोन मेलेले. धावता तुकडा आला की कीबोर्डवालाच वाजवून टाकतो. चांगल्या माणसाला वाईट हत्यार मिळालंय.

मधे चहा झाला. ड्रमवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमचे भाऊ हल्ली हातचं राखून वाजवतात. पूर्वी असं नव्हतं." मला राग आला. माझ्या भावाने आयुष्यात काही म्हणता काही राखून केलेलं नाही, आमचं भांडण तरी त्यावरूनच होतं. त्याला म्हणालो, दोष गिटारीत आहे, पंधरा दिवसांत बघा.

येताना बायको म्हणाली, "भावजींनी कप दोन्ही हातांनी धरला होता."

"थंडी होती खोलीत."

"मला घाम येत होता, अहो."

बायकांना कुठे काय दिसेल सांगता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना सांगितलं: हात हलका, सूर ओढून वाजवतो, मधे मधे सूर पडतात. "मधे मधे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जुन्या पिकअपमुळे. त्यांनी मधल्या ताकदीची जोडी दिली. हे गोड आहेत, बोटांचा बारकावा दाखवतात म्हणाल्या.

धाकटा दुपारी दुकानात आला. मी तारा सैल केल्या, पत्रा उघडला, जुने काढून नवे सोल्डर केले. त्याने टॉर्च धरली होती, पण उजेड सारखा नाचत होता. "अरे, नीट धर की!" मी खेकसलो. लगेच वाटलं, झालं, आता उठून जाईल. तो हसला. "दे, खुर्चीवर टेकवून ठेवतो."

अ‍ॅम्पला जोडलं. काय फरक! शेजारचा कुलूपवाला उठून बघायला आला. धाकट्याने मान डोलावली. "हात आहे रे तुझा," म्हणाला. मला. वडिलांनीसुद्धा कधी असं म्हटलं नव्हतं.

रात्री जेवायला थांबला. आमच्याकडे जेवला त्याला सहा वर्षं झाली. ताटात फार काही घेतलं नाही.

२ मार्च, रविवार

ड्रमवाल्याचा फोन. फरक आहे पण पुरेसा नाही. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे, त्याच्या आत काय ते करा.

धाकट्याकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, लिफ्ट नाही. आत भांडी मोजकी, भिंतीला गिटार टांगायचा रिकामा खिळा. गिटार पलंगावरच पडलेली. म्हटलं, टांगून का ठेवत नाहीस? म्हणाला, काढायचा-टांगायचा कंटाळा येतो. आळशी तो पहिल्यापासून.

पिकअपचे स्क्रू पिळून ते तारांच्या जवळ आणले, म्हणजे आवाज वाढेल. वाढला, पण फार जवळ नेले तर चुंबक तारेलाच खेचतो आणि सूर दारुड्यासारखा डगमगतो. परत खाली घेतले. जवळ नेऊनही भागत नाही आणि लांब ठेवूनही नाही. दोन तास गेले. धाकटा खिडकीत उजवा हात डाव्या दंडावर ठेवून बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. दंडात मासोळी उडते कधीकधी. झोप कमी झाली की होतं."

बायकोला सांगितलं तर तिने हातातलं काम खाली ठेवलं. "त्यांना डॉक्टरकडे न्या."

"झोप नाही झाली म्हणून डॉक्टर?"

"तुम्ही मोटर नुसत्या आवाजावरून ओळखता ना? मग माणूस का ओळखत नाही?"

भांडण झालं. कारण नसताना.

८ मार्च, शनिवार

आज फार अपमान झाला. शांत डोक्याने लिहायचं ठरवलंय.

सगळ्यात कडक चुंबकांचे पिकअप मागायला परत बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "इतके कडक? ज्याचा हात चालतो त्याला हे लागत नाहीत. भावाला घेऊन या." म्हणून दुपारी त्यालाच घेऊन गेलो, गिटारीसकट.

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, वाजवायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग उघडले, आणि गिटारीकडे बघेनात, त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बघू, द्या इकडे." गिटार मांडीवर घेऊन त्यांनी तोच तुकडा वाजवला. तेच पिकअप, तोच अ‍ॅम्प. दुकान भरून गेलं. कपाटाच्या काचा थरथरल्या. एक सूर मेला नाही.

सराईत विक्रेती आहे, तिच्या हातात कुठलीही गिटार वाजणारच. मी म्हणालो, ठीक आहे, ते कडकवाले द्या.

"आज नाही विकत."

"म्हणजे काय? दुकान मांडलंय ना?"

"मांडलंय. पण हे नाही विकत तुम्हाला." मग धाकट्याकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. तो नुसता हसला आणि मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "काळजी घ्या म्हणाल्या."

काळजी घ्या! मलाही कॉइल गुंडाळता येते. अठ्ठावीस वर्षं तेच करतोय. तिच्या डब्यांवाचून काही अडत नाही.

११ मार्च, मंगळवार

बारीक तार आणली. माझ्या मशीनला ती म्हणजे हत्तीला दोरा. वेढे मोजायचं घड्याळ बसवलं, ताण देण्यासाठी तार दोन बोटांत नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यातून धरायची. जोर किंचित जास्त की तुटली, कमी की सैल बसली.

१४ मार्च, शुक्रवार

सहा हजार एकशेवर तुटली.

१५ मार्च, शनिवार

तीन हजारावर तुटली. भिंगातून जोडून पाहिली. नाही जमलं. लिफ्टची एक मोटर चार दिवस पडून आहे, लोक जिने चढतायत आणि मला शिव्या देतायत. त्यांचं खरं आहे.

१९ मार्च, बुधवार

झालं. दोन्ही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळच्या कॉइलला नऊ हजार चारशे वेढे, मानेजवळच्याला आठ हजार सहाशे. मीटरने पाहिलं, बाईंच्या जोडीच्या दीडपट. वितळलेल्या मेणात बुडवून काढल्या, म्हणजे शिट्टी मारणार नाहीत. डोळे लाल झालेत. बायकोने बघितलं, हातात घेऊन वजन केलं. "एवढंसं?" म्हणाली. मग म्हणाली, "छान झालंय." खूप दिवसांनी आवाजात धार नव्हती तिच्या.

धाकट्याला फोन केला. रविवारी येतो म्हणाला. पेन ठेवतो. 

२३ मार्च, रविवार

नीट लिहायला हवं.

दुपारी दुकान आतून बंद करून घेतलं. दोघंच. पिकअप बसवले. त्याला म्हणालो, तारेला नुसतं बोट लाव. त्याने लावलं आणि अ‍ॅम्पमधून खर्र असा आवाज आला. इतकी ताकद. मला हसू आवरेना. "आता बघ," मी म्हणालो, "आता तुझा एक सूर मरायचा नाही. वाजव!"

त्याने वाजवलं.

माझ्या कॉइलने सगळं ऐकलं. काही सोडलं नाही. बोट तारेवर ठेवताना होणारं घसटणं, ते सरकणं, पुरतं न दाबल्यामुळे मानेवरच्या धातूच्या पडद्यावर झणझणणारी तार, मधेच सुटलेलं बोट, परत जागा शोधणारं बोट. बाहेर आला तो सूर नव्हताच, एक धडपड होती, मोठी केलेली. आणि तो थांबला तेव्हाही आवाज येत होता. टक्, टकटक्, टक्. तारांवर नुसतं ठेवलेलं बोट आपोआप उडत होतं.

मी अ‍ॅम्प बंद केला. मग पहिल्यांदा त्याच्या हाताकडे पाहिलं. दिव्याखाली धरून पाहिलं, एखादा सुटा भाग पाहतो तसं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधे जिथे मांस असतं तिथे खड्डा आहे. नुसती कातडी. माझं बोट आत बसलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष."

"दाखवलंस कुणाला?"

"गेल्या वर्षीच. सगळ्या तपासण्या झाल्या, दादा. नाव पण सांगितलंय."

"मग मला कशाला सांगितलंस पिकअप खराब आहेत म्हणून? दोन महिने वेड्यासारखा..."

तो गिटारीची वायर गुंडाळायला लागला. नीट जमेना, तसाच गोळा करून ठेवला. म्हणाला, "सहा वर्षांनी नुसतं 'आलो' म्हणून कसं यायचं तुझ्या दारात? हातात काहीतरी बिघडलेलं लागतं."

 

२४ मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही.

तेव्हा लिहायचं नाही म्हटलं होतं, ते लिहून टाकतो. वडील गेले त्या दिवशी धाकटा परगावी कार्यक्रमात वाजवत होता, पोचायला उशीर झाला. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्या हातांचा या घराला कधी काही उपयोग झालाय?" तो उठला. गिटार उचलून गेला.

शब्द हेच होते. जसेच्या तसे आठवतात.

२९ मार्च, शनिवार

मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः त्याला परत नेलं. मेंदूच्या आणि नसांच्या तज्ज्ञ. तो "कशाला?" म्हणत होता, पण आला. आजाराच्या नावात पहिलाच शब्द 'मोटर' आहे. ऐकून मी मूर्खासारखा पुढे सरकून बसलो, जसं काही आपल्या खात्यातलं काम निघालं.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. मेंदू हुकूम सोडतो, तो नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. स्नायू चांगला असला तरी हुकूम पोचत नाही, मग तोही वाळत जातो.

मी विचारलं, "नवीन तार नाही घालता येत?"

त्या हसल्या नाहीत. "नाही घालता येत," म्हणाल्या. "अजून तरी नाही." मग म्हणाल्या, डावा हात पुढे गेलाय, उजवा बराच शाबूत आहे, पाय ठीक आहेत. किती दिवस ते कुणालाच सांगता येणार नाही. गिळायला त्रास व्हायला लागला तर लगेच या.

जिन्यात धाकटा म्हणाला, "तार घालायची विचारलंस! तू पण ना, दादा." आणि हसत सुटला. भिंतीला टेकून हसत होता. मलाही हसू आलं. खाली येईपर्यंत दोघं हसत होतो, येणारी माणसं बघत होती.

घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून बसलो.

१३ एप्रिल, रविवार

धाकटा आमच्याकडे राहायला आला. बाहेरची खोली त्याला दिली. मोठा कार्यक्रम त्याच्याशिवाय झाला, त्याच्या जागी दुसरा कुणी घेतलाय. ड्रमवाला सामान उचलायला आला होता. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "मला वाटलं हा आम्हाला कंटाळलाय." मी म्हणालो, मला तर तेवढंही वाटलं नव्हतं.

बायको "मी सांगत होते" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवल्या, वर बटणं नुसती दिसायला लावली. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर मला नाटकातला राजा केलात." ती म्हणाली, "राजे पाणी पिऊन ग्लास विसळतात. ठेवा मोरीत." दोघांचं चांगलं जमतं. मी बोलण्यात असलो की मात्र तिघंही शब्द जपून वापरतो, मी धरून.

४ मे, रविवार

गिटार दीड महिना पिशवीत होती. आज त्यानेच काढायला सांगितली.

"इकडे ये, माझ्या डाव्या बाजूला बस. तू दाब, मी छेडतो."

"मला कुठे येतं?"

"तीन जागा शिकवतो. तिन्हीवर आख्खं गाणं निघतं. लोकांची आयुष्यं निघतात."

गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी. त्याने उजव्या हाताने माझी बोटं एकेक करून पडद्यांवर ठेवली. माझी बोटं जाडी, सोल्डरने भाजलेली, एका तारेवर ठेवलं की शेजारचीलाही लागतं. "दादा, ती गिटार आहे, पाना नव्हे. आवळू नकोस." जोर कमी केला की झणझण. जास्त केला की सूर चढतो. अर्ध्या तासात बोटांना वळ उठले. हे तो पस्तीस वर्षं करत होता आणि मी त्याला टणटण म्हणायचो.

एक गोष्ट त्याने भीत भीत सांगितली. तू गुंडाळलेले पिकअप फार तिखट आहेत, आता दाबणारा हात भक्कम आहे तर बाईंचे गोडवाले परत लावशील? "राग येणार नाही ना?"

नाही आला. लगेच लावले.

१७ मे, शनिवार

पहिली जागा, दुसरी जागा, परत पहिली, मग तिसरी. तो "हं" म्हणाला की बदलायचं. आज न थांबता एक आख्खं गाणं वाजलं. मला त्याचं नावही माहीत नाही. बायको दारात उभी राहून ऐकत होती, संपल्यावर आत गेली.

बाईंच्या दुकानात जाऊन आलो. माफी मागितली. त्यांनी तारांचं एक पाकीट दिलं, सगळ्यात बारीक तारा. "कोण दाबतंय?" विचारलं. मी बोटं दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितली. "दोन महिन्यांत घट्टे पडतील," म्हणाल्या. मी विचारलं, त्या दिवशी त्याच्याशी काय बोललात? "विचारलं, घरी सांगितलंय का?" म्हणाल्या.

१ जून, रविवार

गेले आठ दिवस ऐकतोय आणि वहीत लिहायचं टाळतोय. त्याची छेड हलकी होत चाललीय. सगळ्या तारा एका दमात वाजायच्या, आता शेवटच्या दोन राहून जातात. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुपारी तो झोपला असताना गिटार उघडली आणि माझे नऊ हजार चारशेवाले परत बसवले.

संध्याकाळी त्याने पहिली छेड मारली आणि थांबला.

"बदललेस?"

"हं."

"कधी कळलं तुला?"

"आठवडा झाला."

 "चांगला कान आहे तुझा," तो म्हणाला. पुढे वाजवलं.

१५ जून, रविवार

आज सकाळी बसलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उजव्या हाताचा व्यायाम झाला होता, खिडकी उघडी होती. त्याने पलीकडे बघत "हं" म्हटलं आणि मी पहिली जागा दाबली.

चारपाच छेडी झाल्या आणि तारा छेडायची नखी त्याच्या हातातून पडली. मी उचलून दिली. दोन छेडींनंतर परत पडली. ती पलंगाखाली गेली, वाकून काढली, दिली. तिसऱ्यांदा पडली ती त्याच्याच मांडीवर. त्याने ती पाहिली. उचलली नाही, माझ्याकडे मागितली नाही. अंगठा तारांवर ठेवला आणि हळूच खाली ओढला. सगळ्या तारांवरून अंगठा गेला. माझ्या कॉइलने जेवढं होतं तेवढं सगळं ऐकलं. सूर बराच वेळ खोलीत राहिला, मग कमी कमी होत गेला.

मी पुढच्या "हं"ची वाट बघत होतो.  आतून बायकोने नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाला. माझी बोटं पहिल्या जागेवर तशीच दाबलेली होती.

"सोड आता, दादा," तो म्हणाला. "दुखतील बोटं."

"नाही दुखत," मी म्हणालो.